आत्या विमानाच्या पोटात गेली

३ ऑक्टोबर
खिंडीपलीकडच्या ताश-बुलाकहून उलकानआत्याचा फोन. तिनं स्वतःहून मला फोन केल्याचं आठवत नाही, म्हणून मी घाबरून उभाच राहिलो. कोण गेलं, असं विचारलं. म्हणाली, अजून कुणी नाही, पण मी तयारीत आहे. कफनाचं कापड पेटीत ठेवलंय, काळा दगड आणून अंगणात टाकलाय. त्यावर चेहरा तेवढा कोरायचा राहिलाय.

तिच्या नवऱ्याच्या कबरीवर पाथरवटानं पासपोर्टातला फोटो बघून चेहरा कोरला होता. तेव्हापासून तो बिचारा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पोलिसांनी पकडून आणल्यासारखा बघत असतो. आत्याला तसलं नकोय. सरकारी ओळखपत्र सोडलं तर तिनं आजवर कुणाला फोटो काढू दिलेला नाही. नातवंडांच्या लग्नातसुद्धा फोटोवाला दिसला की स्वयंपाकघरात जाते.

मग कोण काढणार फोटो, असं मी उगाचच विचारलं. म्हणाली, तूच. घराण्यात एक फोटोवाला आहे म्हणतात, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. बायकोला, जुमागुलला म्हटलं, कांदा. ती म्हणाली, कांदे संपलेत, येताना आणा म्हणून सकाळीच सांगितलं होतं.

संकल्प: फोटो फिल्मवरच. हल्लीच्या कॅमेऱ्यात माणूस दिसतो, पण असत नाही. हे वाक्य चांगलं झालंय, कुठंतरी वापरायला हवं.

५ ऑक्टोबर
बायकोनं आज दोन सूचना केल्या. दोन्ही अपमानास्पद. पहिली: सोबत साधा डिजिटल कॅमेराही न्या. सव्वीस वर्षं संसार करून हिचा माझ्यावर एवढाच विश्वास. दुसरी: विमानानं जाऊच नका, खिंडीतून टॅक्सीनं जा, तिथं तपासणीचं मशीन नसतं. कलावंत बटाट्याच्या पोत्यांवर बसून कामाला जात नाही, असं मी तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, कलावंत गेल्या वर्षी विमानतळावर भांडून आला आणि आठवडाभर घरात कुणाशी बोलत नव्हता.

ते भांडण नव्हतं. मी त्या माणसाला फिल्मचं शास्त्र समजावत होतो. हातातल्या बॅगेचं मशीन फिल्मला ओरखडे काढतं, तेवढं सोसता येतं. पण विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगांचं मशीन फिल्मला भाजून काढतं. हे ज्याला कळत नाही त्यानं गणवेश घालू नये.

या खेपेला भांडणार नाही. शिशाचं अस्तर असलेली पिशवी मिळवली आहे. एका म्हाताऱ्या रशियन फोटोग्राफरची, फार जड. किरण आत शिरूच शकत नाहीत. शिवाय पुठ्ठ्यावर तीन भाषांत लिहिलं: फिल्म आहे, कृपया हातानं तपासा.

७ ऑक्टोबर
तालीम केली. जुमागुल अधिकारी झाली, मी प्रवासी. मी पुठ्ठा दाखवून हसतमुखानं बोलायला लागलो. तिनं मला बूट काढायला लावले, मग पट्टा, आणि मग विचारलं की फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात हे रोल किती महिने पडून आहेत आणि लोणी कुठं गेलं. तालीम मध्येच थांबवली. हिला विषयाचं गांभीर्य नाही.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी, ताश-बुलाक
पोचलो. नैतिक विजय माझा.

राजधानीच्या विमानतळावर दारातच पहिलं मशीन. तिथली मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची. मी पुठ्ठा दाखवला. तिनं तिन्ही भाषा वाचल्या आणि विचारलं, काका, फिल्म म्हणजे काय? मी रोल काढून दाखवला. म्हणाली, यात फोटो कुठंय? म्हटलं, अजून काढायचाय. मग काढल्यावर दिसेल का? म्हटलं, नाही, उघडला तर जळेल. तिनं रोल दोन बोटांनी धरून ट्रेत ठेवला. मग मागच्या बाईला म्हणाली, ताई, या काकांकडे एक वस्तू आहे, ती उघडता येत नाही, दिसत नाही आणि उघडली की जळते.

त्यानंतर मला बाजूला घेतलं.

शिशाची पिशवी पडद्यावर काळी दिसते म्हणून रोल बाहेर काढायला लावले, आणि ते पट्ट्यावरून गेले. सामान देताना पुन्हा गेले. विमानात चढायच्या आधी पुन्हा. भिंगावरची धूळ उडवायचा रबरी फुगा मात्र जप्त केला. आकार संशयास्पद होता म्हणे. मी आवाज चढवला नाही. फक्त एवढंच म्हणालो की या देशाला कलेची गरज नाही. रांगेतला एक जण म्हणाला, खरंय, पण विमानाची आहे, पुढं सरका.

हातातल्या बॅगेच्या मशीननं माझ्या फिल्मला काही होत नाही. मी स्वतःच तसं म्हणत आलोय.

इथल्या विमानतळावर मात्र डोळे निवले. जुमागुलचा धाकटा भाऊ नुरदिन घ्यायला आला होता. तोच नुरदिन, ज्याचं पुढं काही होणार नाही असं मी लग्नात त्याच्या बापाला सांगितलं होतं. आता तो तिथं सुरक्षेच्या पाळीचा प्रमुख आहे. दाजी म्हणून दोन्ही हातांनी हात धरला. म्हणाला, परत जाताना काही काळजी करू नका, विमानतळ आपलाच आहे.

शेवटी आपलं माणूस ते आपलं. पुठ्ठा आत्याच्या चुलीत घातला.

१० ऑक्टोबर
नुरदिनला फिल्मचं समजावून सांगावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, नको. समजावायचं परक्याला. आपल्या माणसाला सांगावं लागलं तर तो आपला कसला?

आत्यानं दगड दाखवला. कोंबड्या त्याच्यावर बसतात. तिला कसा चेहरा हवाय ते तिनं नीट सांगितलं. राग नको, हसूही नको. कबरस्तानात नवी सून आली तर तिला भीती वाटता कामा नये. पण माझ्या थोरल्यानं भावांशी जमिनीवरून भांडायचं ठरवलं आणि तिथून जायला लागला, तर त्याची मान खाली गेली पाहिजे.

एवढं सगळं एका चेहऱ्यात, असं मी म्हटलं. म्हणाली, येत नसेल तर सांग, पासपोर्टवाल्याला बोलावते. मी पासपोर्ट फोटोही काढतो, पण पोटासाठी. ते मी तिला सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर
झालं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम आज झालं.

शेजारणींनी सकाळपासून तिच्या डोक्याला एलेचेक बांधला. पांढऱ्या कापडाचे वेढ्यावर वेढे. हल्ली हे कुणाला येत नाही. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या चुका काढत होत्या आणि आत्या मध्ये खांबासारखी बसून होती. मग तिला पश्चिमेच्या खिडकीशी बसवलं. मी हनुवटी जरा वर म्हटलं. ती म्हणाली, माझी हनुवटी जिथं आहे तिथं ती ऐंशी वर्षं आहे.

नुरदिननं खिशातून फोन काढला. दाजी, मी पण एक काढू का, आईला दाखवीन. मी तो फोन हातानं खाली केला. म्हटलं, बाबा रे, हा मोबाइलचा खेळ नाही, हे एकदाच घडतं, त्यात हात घालू नकोस. त्यानं मुकाट्यानं फोन खिशात ठेवला. पोरगा ऐकतो, हे चांगलं आहे.

शेवटच्या रोलला ती एकदम बोलली. म्हणाली, रिस्पेक, तुझ्या आईची मयत झाली तेव्हा तू माझ्याकडे असाच बघत होतास, त्या काळ्या डब्याआडून नव्हे इतकंच. आणि तिचा चेहरा तसा झाला. राग नाही, हसू नाही. मी बटण दाबलं. मला दिसत नव्हतं नीट, पण दाबलं.

एलेचेक सोडताना म्हणाली, झालं ते झालं. पुन्हा हे बांधणार नाही, मान दुखते.

१२ ऑक्टोबर, सकाळी, विमानतळ
प्रमुखाच्या खोलीत बसून लिहितोय. समोर चहा, तळलेल्या कणकेचे बोरसोक, जर्दाळूचा मुरंबा.

सगळ्या जगानं इथं येऊन शिकावं. ना बूट काढले, ना पट्टा, ना ट्रे, ना रांग. नुरदिन गणवेशात दाराशीच उभा होता. गाडीतून उतरलो तसा त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली. मी जरा धरून ठेवली, तर हसून म्हणाला, दाजी, थोरला जावई स्वतःची बॅग उचलून चाललाय हे इथल्या लोकांनी पाहिलं तर उद्या माझ्या तोंडावर थुंकतील. मी सोडली. पाच वेळा नाही-नाही म्हणायचं असतं, मी दोनदाच म्हणालो.

त्याच्या हाताखालची पोरं मला बघून उठून उभी राहिली. एकानं माझा कोटसुद्धा धरला. माणसाची किंमत असते ती अशी.

बॅग पुढं गेली आहे म्हणाला. म्हणजे माझ्या आसनावर नेऊन ठेवली असणार.

१२ ऑक्टोबर, विमानात
बॅग आसनावर नाही. वरच्या कप्प्यात नाही. हवाई सुंदरीला विचारलं. तिनं माझ्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं. खिशात सामानाची चिठ्ठी. तो कोट धरणारा पोरगा.

बॅग पोटात गेली आहे.

वैमानिकाला भेटू द्या म्हटलं. तिनं पाणी आणून दिलं.

१२ ऑक्टोबर, रात्री
नुरदिनला फोन केला. बॅग पोचली का, नाजूक सामानाची लाल पट्टी मी स्वतः लावली होती, असं तो आनंदानं सांगायला लागला. मी विचारलं, मशीनमधून गेली? म्हणाला, दाजी, म्हणजे काय, आपल्या माणसाची बॅग म्हणून तर मी स्वतः बसलो पडद्यापुढं. घरच्याला सोडलं असं कुणी उद्या बोट दाखवायला नको. आत एक काळी पिशवी होती, त्यातलं काही दिसेना. मग पट्टा थांबवला, किरणांचा जोर वाढवला, पुन्हा मागं घेतली, पुन्हा घातली. शेवटी सगळं स्वच्छ दिसलं. गोल गोल गुंडाळ्या होत्या. काही काळजीचं नव्हतं.

मी फोन ठेवला. कुंपणानंच शेत खाल्लं. त्या दारावरच्या मुलीनं, जिला फिल्म म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, तिनं जे केलं नाही ते माझ्या मेहुण्यानं केलं, आणि चहा पाजून केलं. परक्यानं मारलं तर ओरडता तरी येतं. इथं मुरंबा खाल्लाय.

१३ ऑक्टोबर
रोल धुतले.

सगळ्यांवर धुकं. धुक्यावर लाटांसारखे पट्टे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एलेचेक आणि भिंत एक झाली आहे. चेहऱ्याच्या जागी काहीतरी आहे, हे मला ठाऊक आहे म्हणून दिसतं. तो शेवटचा फोटो मी भिंगाखाली धरला. डावा डोळा आहे. बाकी नाही.

जुमागुल अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभी होती. म्हणाली, तुम्ही नुरदिनला फिल्मचं सांगितलं होतं का? नवरा उद्ध्वस्त होऊन बसलाय आणि ही भावाची वकिली करते. म्हटलं, अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. ती म्हणाली, राजधानीत तर पुठ्ठा घेऊन सांगत होतात.

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणं बंद केलं.

१५ ऑक्टोबर
आत्याचा फोन. फोटो आला का, असं विचारलं. मी म्हटलं, उत्तम. तोंडातून निघून गेलं.  ती म्हणाली, त्या मशीनचा काही त्रास नाही ना झाला? किती काळजी तिला. म्हटलं, छे, मला काय त्रास होतोय, सगळा अनुभव आहे. बरं, म्हणाली.

हे खोटं नाही. थोडी उसंत घेतली आहे. तंत्र एवढं पुढं गेलंय, एका डोळ्यावरून माणूस उभा करता येतो.

१९ ऑक्टोबर
नुरदिनचे तीन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. त्यानं संदेश पाठवला: दाजी, मला माहीत नव्हतं, ताईनं सांगितलं, मी काय करू ते सांगा. विंचू नांगी मारून झाल्यावर औषध विचारतोय. उत्तर दिलं नाही. याच्यासाठी मी राजधानीत कुणाकुणाला किती चांगलं सांगितलं असतं, तशी वेळ आली असती तर.

२६ ऑक्टोबर
आत्याचा पुन्हा फोन. हिला एवढे फोन करायची सवय कधी लागली? पाथरवट बर्फ पडायच्या आत काम धरणार म्हणे. मी म्हटलं, छापतोय, घाई करून चालत नाही. मग म्हणाली, रिस्पेक, आणखी काही सांगायचंय का तुला? मी म्हटलं, इकडे थंडी वाढली आहे. ती म्हणाली, इकडेही.

संकल्प: या आठवड्यात फोटो पूर्ण करणार. गरज पडली तर रात्रीचा दिवस करीन.

४ नोव्हेंबर
काम छान चाललंय. डावा डोळा खरा आहे, तो उलटा करून उजवा केला. हनुवटी ओळखपत्रावरच्या जुन्या फोटोतून, तो जुमागुलच्या पेटीत मिळाला. नाकाचीच अडचण होती. शेवटी स्टुडिओतल्या पासपोर्ट फोटोंमध्ये त्याच वयाच्या एका बाईचं नाक सापडलं. प्रकाशाची दिशासुद्धा जुळते.

जुमागुलला दाखवला. तिनं तो उजेडात धरला. म्हणाली, ही चांगली बाई दिसते. म्हणजे जमलं.

९ नोव्हेंबर
फोटो टॅक्सीवाल्याबरोबर पाठवला. खिंडीतून, बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांवर. मशीन नको म्हणून हा मार्ग मीच सुचवला. कुणाला काही कळणार नाही. मला कळत नाही, आणि नाक मीच लावलंय.

एका अर्थी हा त्या मूळ फोटोपेक्षा चांगला झालाय. त्यात भावना जरा जास्तच होती.

१४ नोव्हेंबर
आत्याचा फोन नाही. बहुतेक पाथरवटाकडे असेल.

१८ नोव्हेंबर
फोन नाही. मी केला तर शेजारणीनं घेतला, म्हणाली आत्या विमानतळावर गेली आहे. बाई आयुष्यात विमानात बसली नाही. विमानतळावर कशाला? शेजारीण म्हणाली, मला काय विचारता, एलेचेक बांधून दिलाय एवढं मला ठाऊक.

मान दुखते म्हणाली होती ना?

झोप नाही. माझ्या पाठीमागं काहीतरी शिजतंय. नुरदिन तिला फूस लावतोय. आधी फिल्म घेतली, आता आत्या घेणार.

२३ नोव्हेंबर
आत्याचा फोन.

दगड झाला म्हणाली. पाथरवटानं सुंदर कोरलाय. मी म्हटलं, वाटलंच मला, फोटोच तसा होता. ती म्हणाली, तुझा नाही. त्या बाईचा दगड तिची पोरं करतील. नाक कुणाचं होतं रे?

मी उठून दार लावून घेतलं.

मग तिनं सगळं सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तसं. विमानतळावर नोकरांचे पास काढायला एक खोली आहे. एक स्टूल, एक पांढरी भिंत, भिंतीत बसवलेला कॅमेरा. नुरदिननं तिला तिथं बसवलं. एकच फोटो काढला. तो पुन्हा काढू का म्हणाला, तर म्हणाली, कशाला, मी हललेच नाही.

मी विचारलं, तुला न आवडणारा तो पासपोर्टवाला फोटो तो हाच ना? आवाज चढला माझा. म्हटलं, माझ्या पाठीमागं तुम्ही सगळ्यांनी मिळून हे केलं. बायको, मेहुणा, आणि आता तू. एवढा दगा शत्रूसुद्धा देत नाही.

ती म्हणाली, झालं तुझं?

म्हणाली, जुमागुलनं त्याला सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी नुरदिन माझ्याकडे आला होता. साखर आणि चहाचा पुडा घेऊन, दारातच टोपी काढून उभा. म्हणाला, आत्या, मी तुमचा फोटो मशीनमध्ये घालून मारला, मला कळलं नाही, मला माफ करा. मी त्याला आत घेतला, जेवायला घातलं. मग तुला फोन केला. तू उत्तम म्हणालास. म्हटलं, लाजला असेल, पुढच्या वेळी सांगेल. पुन्हा फोन केला, तू थंडीचं सांगितलंस. मग टॅक्सीवाला ती बाई घेऊन आला.

म्हणाली, रिस्पेक, तू खरं बोलला असतास ना, तर मी तुझ्यासाठी पुन्हा बसले असते. मानेचं काय एवढं.

मग म्हणाली, वसंतात ये, दगड बघून जा. तुझ्या नावाची मेंढी कापायला ठेवली आहे. कॅमेरा घरी ठेव. विमानतळावर लवकर सुटशील.

संध्याकाळी नुरदिननं फोटो पाठवला. उघडायचा नाही असं ठरवलं होतं. उघडला. प्रकाश समोरून, सपाट. मागं भिंत. चौकटीत एलेचेकचा एक वेढा कापला गेलाय. कुणीही शिकवेल की असा फोटो काढू नये.

राग नाही. हसूही नाही. माझी मान खाली गेली.

२४ नोव्हेंबर
एप्रिलचं तिकीट काढलं. खिडकीजवळची जागा मिळाली नाही.